चिमण्या कोणी मोजल्या?

पक्ष्यांवरचं व्याख्यान कुठल्याही गावात असो, शेवटी प्रश्न विचारा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला. "चिमण्या कुठे गेल्या हो?" विचारणारे बहुधा साठी ओलांडलेले असतात आणि उत्तरही सोबत घेऊनच आलेले असतात : मोबाइलच्या टॉवरनी मारल्या. निम्म्या माना डोलतात. तेवढ्यात मागून एखादी शाळकरी पोर उठते आणि म्हणते, आमच्या अंगणात तर रोज येतात, आजी तांदूळ निवडायला बसली की थेट सुपापर्यंत येतात.

दोघंही खरंच बोलत असतात. पण एकाने आपल्या खिडकीतून पाहिलेलं असतं, दुसरीने आपल्या अंगणातून, आणि प्रश्न असतो साऱ्या मुलखाचा. त्यात आजोबांच्या बोलण्यात आणखी एक गोम आहे. लहानपणी ते कौलारू घरात राहायचे. आढ्याला फटी होत्या, तसबिरीमागे चिमणीचं घरटं असायचं, अंगणात धान्य वाळत पडलेलं असायचं. आज ते चौथ्या मजल्यावर, सरकत्या काचांच्या खिडकीत बसतात. चिमणी त्यांना सोडून गेली, की तेच चिमणीला सोडून आले? आठवणीला याचं उत्तर देता येत नाही, कारण आठवण माणसाबरोबर घर बदलते.

उत्तर हवं असेल तर कुणीतरी पुष्कळ ठिकाणी, पुष्कळ वर्षं, एकाच रीतीने पाहून लिहून ठेवलेलं असायला हवं. भारतात हे काम बहुतेक करून पगारी शास्त्रज्ञांनी केलेलं नाही. बँकेतले कर्मचारी, शिक्षक, डॉक्टर, कॉलेजातली मुलं, निवृत्त अभियंते यांनी ते सकाळी कामाला जाण्याआधी केलं आहे. आता हौशी मंडळींच्या नोंदींवरून देशातल्या पक्ष्यांचा हिशेब मांडतात हे ऐकल्यावर दुसरा प्रश्न येतोच, आणि तो पहिल्यापेक्षा चांगला आहे : त्यावर विश्वास कसा ठेवायचा?

शितावरून भात

पहिल्यांदा एक गैरसमज दूर करू. सगळे पक्षी कुणीच मोजत नाही. जनगणनेत माणसं मोजता येतात, कारण माणसाला घर असतं, दार असतं आणि विचारलं तर नाव सांगता येतं. पक्ष्यांच्या बाबतीत आपण तेच करतो जे स्वयंपाकघरात रोज करतो. भात शिजला की नाही हे कळायला कुणी पातेलं उपडं करत नाही. चार शितं बोटांत दाबून पाहतात. मात्र सराईत हात वरवरची शितं घेत नाही. डाव तळापर्यंत घालून, कडेची आणि मधली अशी निरनिराळ्या जागची शितं काढतो. किती शितं घ्यायची आणि कुठली घ्यायची, पक्षीगणनेच्या शास्त्राचा बराचसा भाग या दोन प्रश्नांतच आहे.

दुसरं म्हणजे, 'एकूण किती' हा प्रश्न बाजूला ठेवून 'मागच्यापेक्षा जास्त की कमी' हा विचारायचा. समजा, तुमच्या फिरायला जायच्या रस्त्यावर खरोखर वीस बुलबुल आहेत आणि अर्ध्या तासात तुम्हाला त्यातले दहा सापडतात. काही वर्षांनी त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, तेवढ्याच वेळात पाच सापडले. वीसचा आकडा तुम्हाला तेव्हाही माहीत नव्हता, आजही नाही. तरी बुलबुल निम्मे झाले असं तुम्ही म्हणू शकता. जे सुटले त्यांची चिंता करायची गरज नाही. फक्त सुटण्याचं प्रमाण दोन्ही वेळा सारखं हवं.

या 'फक्त'मध्ये पुष्कळ काही येतं. मधल्या काळात रस्त्याकडेची झाडी दाट झाली असेल तर पक्षी तेवढेच असून कमी दिसतील. मोजणाऱ्याचं वय झालं की बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात आणि वटवट्यासारखे झुडपात लपून बोलणारे पक्षी त्याच्या वहीतून हळूहळू गायब होतात. वटवट्या मात्र जागच्या जागी असतो. म्हणून कुठल्याही गणनेकडे पाहताना एक प्रश्न सतत विचारत राहावा लागतो : पक्षी बदलले, की पाहणं बदललं?

बंदुकीऐवजी वही

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला नाताळात एक खेळ चालायचा. माणसं दोन गट पाडून रानात जायची आणि दिसेल तो पक्षी, दिसेल तो प्राणी टिपायची. ज्यांचा ढीग मोठा, ते जिंकले. न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातले पक्षीतज्ज्ञ फ्रँक चॅपमन यांनी १९०० साली सुचवलं की यंदा बंदूक घरी ठेवून पक्षी नुसते मोजू या. २५ डिसेंबरला २५ ठिकाणी मिळून २७ जणांनी मोजले. ती 'ख्रिसमस बर्ड काउंट' आजही दरवर्षी होते. पक्ष्यांच्या नोंदींची इतकी लांब मालिका जगात क्वचितच सापडेल.

पण जुनी असली तरी ती मालिका ढिली होती. कुणी किती चालायचं, किती वेळ पाहायचं, याला धरबंध नव्हता. डीडीटीच्या फवारण्यांमुळे गाणारे पक्षी मरत आहेत का, असा प्रश्न १९६०च्या दशकात उभा राहिला तेव्हा पक्कं उत्तर देता येईना. मग चँडलर रॉबिन्स यांनी १९६६ साली नवी घडी बसवली : ठरलेला सुमारे ४० किलोमीटरचा रस्ता, त्यावर ५० थांबे, प्रत्येक थांब्यावर नेमकी ३ मिनिटं, सुरुवात सूर्योदयाच्या अर्धा तास आधी. दरवर्षी तेच थांबे. कंटाळवाणं वाटतं ना? हाच त्याचा गुण. २०१९ साली उत्तर अमेरिकेतले पक्षी १९७०पासून सुमारे २९ टक्क्यांनी, म्हणजे जवळजवळ तीनशे कोटींनी कमी झाल्याचं जे संशोधन प्रसिद्ध झालं, त्याचा मोठा आधार या कंटाळवाण्या थांब्यांचा होता.

ब्रिटनने १९९४ साली आणखी एक पाऊल टाकलं. स्वयंसेवकाने कुठे मोजायचं हे स्वयंसेवकाला ठरवूच द्यायचं नाही. देशाच्या नकाशातून एक-एक किलोमीटरचे चौकोन चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडले जातात आणि तुमच्या वाट्याला आलेल्या चौकोनात तुम्ही उन्हाळ्यात दोनदा जायचं. तिथे सुंदर तळं नसून नुसतं बटाट्याचं शेत असलं तरी जायचं.

आपल्याकडे अशी शिस्त देशभर लावणं अवघड होतं, कारण देश अवाढव्य आणि पक्षीनिरीक्षक मूठभर. त्यामुळे भारतात वेगळा रस्ता निघाला. लोकांना हवं तिथे, हवं तेव्हा पाहू द्यायचं, पण लिहिण्याची रीत एक ठेवायची आणि शिस्त मागाहून गणिताने आणायची. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीशास्त्र प्रयोगशाळेने ऑडुबॉन सोसायटीबरोबर २००२ साली सुरू केलेला 'ईबर्ड' हा नोंदसंग्रह २०१४पासून भारतापुरता 'बर्ड काउंट इंडिया' या गटामार्फत चालवला जातो. आपल्याकडच्या बहुतेक याद्या आज तिथे जमा होतात.

पंधरा मिनिटांची यादी

रीत सोपी आहे. जागा, तारीख, सुरुवातीची वेळ लिहायची. निदान पंधरा मिनिटं पाहायचं, एका जागी उभं राहून किंवा चालत. चालत असाल तर अंतर लिहायचं. दिसलेली आणि आवाजावरून ओळखलेली प्रत्येक जात लिहायची आणि प्रत्येकीपुढे संख्या. साळुंक्या ६, कावळे ११, बुलबुल २, तांबट १ (ऐकला), शिंजीर ३. तीच घार पाच वेळा डोक्यावरून गेली असं वाटलं तर पाच घारी लिहायच्या नाहीत; एकाच वेळी जास्तीत जास्त जितक्या दिसल्या तितक्या लिहायच्या. दोन दिसल्या तर दोन. ओळखू न आलेला पक्षी ओळखीचा करून घ्यायचा नाही.

आणि शेवटी एक प्रश्न : तुम्ही ओळखू शकलात ते सगळे पक्षी या यादीत आहेत का? हो किंवा नाही. हा प्रश्न साधा दिसतो, पण सगळी इमारत त्याच्यावर उभी आहे. उत्तर 'हो' असेल तर तुमच्या यादीत नसलेल्या जातीही बोलू लागतात. पंधरा मिनिटं पाहिलं, सगळं लिहिलं आणि चिमणीचं नाव नाही, याचा अर्थ चिमणी दिसली नाही. उत्तर 'नाही' असेल, म्हणजे तुम्ही फक्त स्वर्गीय नर्तक दिसला म्हणून तेवढाच लिहिला असेल, तर चिमणी नव्हती की लिहायचा कंटाळा केला, हे कुणालाच सांगता येणार नाही.

इथे मला आपल्या पक्षीमित्रांची थोडी कानउघाडणी करावीशी वाटते. गटागटांतून फिरतात ते फोटो कुणाचे? पहिल्यांदाच दिसलेल्या पक्ष्याचे, ज्याला मंडळी 'लायफर' म्हणतात. दुर्मीळ बदक आलं की सत्तर किलोमीटरवरून गाड्या येतात, आणि त्या सत्तर किलोमीटरमधल्या कावळ्यांची नोंद कुणी करत नाही. दुर्मीळ पक्षी पाहण्यात आनंद आहे, त्याला कुणाची ना नाही. पण गणनेच्या दृष्टीने वाट चुकून आलेल्या एका पाहुण्यापेक्षा सोसायटीच्या आवारातून दर रविवारी केलेली, कावळे-पारवे-साळुंक्यांची रटाळ पूर्ण यादी कितीतरी मोलाची. उद्या साळुंकी कमी होऊ लागली तर ते त्या यादीतूनच कळणार आहे.

तीस आणि चारशे ऐंशी

आता या याद्यांवरून कल कसा काढतात ते पाहू. पुढचे आकडे काल्पनिक आहेत, रीत खरी आहे.

समजा एका तालुक्यातून २००४ साली ४० पूर्ण याद्या आल्या आणि त्यांतल्या ३० याद्यांत चिमणी होती. २०२४ साली ८०० याद्या आल्या आणि ४८० याद्यांत चिमणी होती. घाईचा माणूस म्हणेल, चिमणीच्या नोंदी सोळापट वाढल्या. पण वाढले आहेत ते पाहणारे. म्हणून नोंदींची बेरीज करायची नाही. शंभर याद्यांपैकी किती याद्यांत चिमणी आहे ते काढायचं. २००४ साली ४० पैकी ३०, म्हणजे ७५ टक्के. २०२४ साली ८०० पैकी ४८०, म्हणजे ६० टक्के. सोळापट वाढीची आता घट झाली.

तरी थांबू नका. २००४च्या चाळीस याद्या कुणाच्या होत्या? पहाटे उठून तास-दोन तास हिंडणाऱ्या मुरलेल्या निरीक्षकांच्या. २०२४च्या आठशेंपैकी सातशे याद्या पंधरा-वीस मिनिटांच्या, खिडकीतून किंवा बसथांब्यावरून केलेल्या. थोडा वेळ पाहिलं तर थोडंच दिसणार. त्या सातशेंपैकी ४०४ याद्यांत चिमणी आहे, म्हणजे जेमतेम ५८ टक्के. आणि २०२४मधल्या उरलेल्या, तास-दोन तासांच्या शंभर याद्या वेगळ्या काढल्या तर? त्यांतल्या ७६ याद्यांत चिमणी आहे. ७६ टक्के.

म्हणजे सारख्याला सारखं ताडून पाहिलं तर चिमणी होती तिथेच आहे. त्याच नोंदींतून आधी सोळापट वाढ निघाली, मग घट निघाली, मग 'फरक नाही' निघालं. प्रत्यक्षात संगणकावर हे काम जास्त बारकाईने होतं : यादी किती लांबीची, कोणत्या महिन्यातली, कोणत्या भागातली, हे सगळं एकाच वेळी जमेस धरलं जातं. पाच मित्र एकत्र फिरले आणि पाचही जणांनी तीच यादी भरली तर ती एकच धरली जाते.

या रीतीची एक उणीव मात्र लक्षात ठेवायला हवी. 'किती याद्यांत दिसली' हे मोजताना 'किती दिसल्या' हे बाजूला राहतं. एखाद्या गावात सकाळी चाळीस चिमण्या दिसायच्या आणि आता चारच दिसतात, तरी यादीत चिमणीचं नाव लागतंच. खूप साध्या पक्ष्यांच्या बाबतीत हे माप बोथट आहे. ओहोटी बरीच पुढे गेल्याशिवाय ते हलत नाही. यादीत प्रत्येक जातीपुढे आकडा लिहा असा आग्रह धरतात तो यासाठीच.

पातेल्याची एकच कड

शितं कुठली घेतली, हा प्रश्न अजून उरला आहे. पक्षीनिरीक्षक राहतात शहरात, त्यांना सुटी मिळते रविवारी, आणि गाडी जाते रस्त्याने. त्यामुळे पुण्या-मुंबईभोवती याद्यांची रास पडते, तर मराठवाड्यातल्या, खानदेशातल्या कित्येक तालुक्यांतून तुरळकच काही येतं. नुसती सरासरी काढली तर महाराष्ट्राचा म्हणून जो कल निघेल तो सिंहगडाच्या पायथ्याचा असेल.

यावर उपाय म्हणून देशाच्या नकाशावर २५ किलोमीटर लांबी-रुंदीच्या चौकटी आखतात. आधी प्रत्येक चौकटीतल्या याद्यांचा हिशेब त्या चौकटीपुरता होतो, मग चौकटींचा मिळून. हजारो याद्यांची चौकट पाच याद्यांच्या चौकटीला बुडवू शकत नाही. मात्र जिथे एकही यादी नाही त्या चौकटीत गणितालाही काही करता येत नाही. कोऱ्या जागेतून आकडा निघत नाही.

केरळने या अडचणीवर सरळ घाव घातला. २०१५ ते २०२० या काळात तिथल्या हजाराहून अधिक स्वयंसेवकांनी राज्याचा पक्षी-नकाशासंग्रह केला. राज्यभर सारख्या अंतराने पसरलेले सुमारे ४००० छोटे चौकोन आधीच ठरवले होते, प्रत्येकी साधारण १.१ किलोमीटर लांबी-रुंदीचे. प्रत्येक चौकोनात पावसाळ्यात एकदा आणि कोरड्या हंगामात एकदा जायचं, ठरलेला वेळ मोजायचं. चौकोन रबराच्या मळ्यात पडो, नाहीतर भर बाजारात. सुमारे तीन लाख नोंदी आणि ३६१ जाती हाती आल्या. पण माझ्या मते खरी कमाई वेगळी आहे. वीस वर्षांनी त्याच चौकोनांत तेवढाच वेळ उभं राहून कुणालाही ताळा करता येईल. महाराष्ट्र केरळच्या जवळजवळ आठपट मोठा, त्यामुळे हे काम आपल्याला लगेच पेलेल असं नाही. एखाद्या जिल्ह्याला मात्र सहज पेलेल. आपल्याकडे मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, ५ ते १२ नोव्हेंबर, पक्षीसप्ताह पाळतात. त्या आठवड्यात भाषणं आणि चित्रस्पर्धा उदंड होतात. एक तालुका घेऊन त्याचे चौकोन पाडले तर सप्ताहाला काही वजन येईल.

चुकलं तर?

हौशी माणूस चुकतो, यात वाद नाही. म्हणून प्रत्येक भागासाठी आणि प्रत्येक महिन्यासाठी एक चाळणी लावलेली असते : या महिन्यात इथे कोणती जात अपेक्षित, आणि साधारण किती संख्येपर्यंत. मे महिन्यात विदर्भात कुणी चक्रवाक बदकांचा थवा लिहिला, किंवा एका डबक्यावर दोन हजार टिटव्या लिहिल्या, तर ती नोंद अडते आणि त्या भागातल्या जाणत्या निरीक्षकाकडे जाते. तोही स्वयंसेवकच. तो विचारतो : फोटो आहे का, चोच कशी होती, आवाज ऐकला का? समाधान झालं नाही तर नोंद तुमच्या यादीत राहते, पण सार्वजनिक हिशेबात धरली जात नाही. अपमान वाटून घेऊन नोंदी बंद करणारे असतात. शिकून तयार होणारे त्याहून जास्त असतात.

हजारो याद्यांत विखुरलेल्या, इकडे-तिकडे झुकणाऱ्या चुका बऱ्याच अंशी एकमेकींना खाऊन टाकतात. धोकादायक असते ती सगळ्यांची एकाच दिशेने होणारी चूक. वीस वर्षांपूर्वी चांगली दुर्बीण चैनीची वस्तू होती आणि आवाजांची ध्वनिमुद्रणं मिळत नव्हती. आज ती प्रत्येकाच्या खिशात आहेत, त्यामुळे अवघड पक्षी सगळ्यांनाच जास्त सापडतात. ही वाढ पक्ष्यांची नव्हे, आपल्या तयारीची. घट दिसली तर मात्र ती गंभीरपणे घ्यावी लागते, कारण ती सुधारलेल्या नजरेला दिसलेली घट असते.

जानेवारीतले पाणवठे

पाणपक्ष्यांची गोष्ट थोडी निराळी. ते उघड्यावर, एका जागी, थव्याने बसतात, म्हणून त्यांच्या बाबतीत खरोखरच मोजणी करता येते. १९८७पासून आशियाई पाणपक्षी गणना होते, दर जानेवारीत. हिवाळी पाहुणे तोवर आपापल्या पाणवठ्यावर स्थिरावलेले असतात. आज एका तळ्यावर दिसलेला थवा परवा शेजारच्या तळ्यावर पुन्हा मोजला जाऊ नये, म्हणून सगळीकडे साधारण एकाच सुमारास मोजतात. नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यावर (महाराष्ट्रातलं हे पहिलं रामसर स्थळ), जायकवाडीवर, उजनीच्या फुगवट्याकडे भिगवणला, जानेवारीच्या धुक्यात तिपाईवर दुर्बिणी लावून बसलेली माणसं तुम्हाला दिसतील.

तीन हजार वारकरी आणि थापट्या बदकं एकेक करून कोण मोजणार? आधी थव्याच्या कडेचे दहा पक्षी नीट मोजायचे. दहा म्हणजे किती जागा, हे डोळ्यात बसवायचं. मग तसे दहा-दहाचे तुकडे करत शंभरपर्यंत जायचं आणि पुढे शंभराच्या मापाने सरकायचं. नवख्यांचा अंदाज मोठ्या थव्यात बहुतेक वेळा कमीच भरतो. म्हणून दोघांनी एकमेकांना न सांगता मोजावं आणि मग आकडे ताडून पाहावेत.

या आकड्यांचा अर्थ लावताना पाण्याची पातळी विचारात घ्यावीच लागते. पाऊस चांगला झाला, धरण काठोकाठ भरलं, की चिखलाची उथळ कड बुडते आणि शेकाटे, तुतारे, रोहित दुसरीकडे जातात. त्या वर्षीचा कमी आकडा वर्तमानपत्रात 'पक्ष्यांनी पाठ फिरवली' म्हणून छापून येतो. पाठ फिरवलेली नसते; पाय टेकायला जागा नसते.

तर, चिमण्या

२०१२ साली 'सिटिझन स्पॅरो' या उपक्रमात लोकांना विचारलं गेलं : तुमच्या ठिकाणी चिमण्या पूर्वी किती होत्या, आता किती आहेत? दहा हजारांहून जास्त नोंदी आल्या. पण त्या आठवणी होत्या, आणि आठवणींचं आपण वर पाहिलंच आहे. याद्यांवर आधारलेलं उत्तर २०२० साली मिळालं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन, वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया आणि इतर संस्थांनी मिळून भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा पहिला अहवाल काढला. सुमारे १५,५०० निरीक्षकांच्या एक कोटीहून अधिक नोंदी त्यामागे होत्या. त्यात चिमणी देशपातळीवर, गेल्या पंचवीस वर्षांचा विचार करता, साधारण स्थिर निघाली. बंगळूर, चेन्नई, दिल्ली, हैदराबाद, कोलकाता आणि मुंबई या सहा महानगरांतून मात्र ती कमी होत गेल्याचं दिसलं.

म्हणजे महानगरातल्या आजोबांची तक्रार खोटी नव्हती आणि गावातल्या मुलीचं अंगणही खरं होतं. टॉवरच्या लहरींनी चिमण्या मेल्या याला भक्कम पुरावा मिळालेला नाही. पिल्लांना भरवायला लागणारे किडे आणि घरट्यासाठी लागणाऱ्या फटी शहरांत उरल्या नाहीत, हे कारण जास्त पटण्यासारखं आहे. पण कारण सांगणं हे याद्यांचं काम नव्हे, आणि स्वयंसेवी गणनेकडून ती अपेक्षा करू नये. कुठे पाहायचं एवढं ती सांगते. का घडलं हे शोधायला पुन्हा रानात आणि प्रयोगशाळेत जावं लागतं.

गिधाडांच्या बाबतीत हे अगदी स्वच्छ दिसलं. १९९१ ते १९९३ या काळात शिकारी पक्ष्यांसाठी उत्तर भारतातल्या रस्त्यांवर गाडीतून मोजणी झाली होती. गिधाडं तेव्हा इतकी साधी होती की ती मोजणं निरर्थक वाटावं. तेच रस्ते २००० साली पुन्हा मोजले तर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांत ९६ टक्के घट निघाली. तरीही कारण आकड्यांत नव्हतं. जनावरांना देण्याच्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात, हे मेलेल्या गिधाडांच्या तपासणीतून २००४ साली उघड झालं आणि २००६ साली भारताने पशुवैद्यकीय वापरासाठी त्यावर बंदी घातली. पण दहा वर्षांपूर्वीचा आकडा हाताशी नसता तर संकट किती मोठं हे कुणाला पटवून देता आलं नसतं.

२०२३च्या दुसऱ्या अहवालात निरीक्षक ३०,००० झाले आणि नोंदी तीन कोटी. मोर आणि कोकीळ वाढत असल्याचं त्यात दिसतं. माळरानांवर आणि मोकळ्या जमिनींवर राहणाऱ्या पक्ष्यांची स्थिती वाईट आहे. विदर्भात दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो नीळकंठ, तारांवर बसलेला दिसतो म्हणून कुणी ज्याची काळजी केली नाही असा पक्षी, इतका घटला आहे की त्याची जागतिक वर्गवारी पुन्हा तपासा अशी शिफारस अहवालाने केली. ती घट कुणा एकाच्या लक्षात आलेली नव्हती. ती याद्यांच्या बेरजेतून वर आली.

सहाशे चार

त्या अहवालात ९४२ जातींचा विचार झाला, पण दूरच्या काळापासूनचा कल ३३८ जातींचाच काढता आला. त्यांतल्या २०४ घटत्या, ९८ स्थिर, ३६ वाढत्या. उरलेल्या ६०४ जातींबद्दल सांगण्यापुरता पुरावाच नव्हता. त्यांत खरोखर विरळ असलेले पक्षी आहेत, तसेच नुसते गैरसोयीचेही आहेत : घुबडं आणि रातवे, कारण मोजणारे सकाळी जातात, तिरचिमण्या आणि चंडोल, कारण ते एकमेकांसारखे दिसतात आणि माळरानावर फोटोला देखणं काही मिळत नाही.

दुसरं कारण जुन्या काळाचं. २०००पूर्वीचा भारत या हिशेबात आला तो बहुतेक करून काही चिकाटीच्या माणसांनी आपल्या जुन्या वह्या काढून, पानामागून पान, संगणकावर चढवल्यामुळे. वहीत तारीख, गावाचं नाव आणि त्या दिवशी दिसलेल्या पक्ष्यांची यादी एवढं असलं तरी काम भागतं. वेळ लिहिलेली असेल तर उत्तमच. नसेल तरी ती जात त्या साली त्या गावात होती एवढं पक्कं होतं. महाराष्ट्रात अशा वह्या ठेवणारे शिक्षक आणि वनखात्यातले कर्मचारी थोडेथोडके नव्हते. त्यांच्या मुलांना त्या वह्यांचं काय करायचं हे माहीत नसतं, आणि दिवाळीच्या साफसफाईत त्या माळ्यावरून उतरून रद्दीत जातात.